हातात किती?

नोकरीला लागलो त्या पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाई आनंदानं किंचाळल्या आणि माझ्या हातातली फाइल खाली पडली. अंगावर निळी सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज, कानाला फोन. खुर्ची मागे ढकलून त्या उभ्याच राहिल्या होत्या.

"वा रे पठ्ठ्या! झालं ना सिलेक्शन? मी काय सांगत होते तुला?"

पलीकडचा पोरगा घाईघाईनं काहीतरी सांगत होता. त्याला त्यांनी मनसोक्त बोलू दिलं. मधूनच मला खुणेनं सांगितलं, बसा, बसा. मग स्वतः खुर्ची ओढून बसल्या, पदर सावरला आणि एकदम हलक्या आवाजात विचारलं, "हं, आता सांग. हातात किती?"

या देवरे मॅडम. गंगापूर रोडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना नोकऱ्या लावून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागलो होतो, पण नव्या माणसाच्या गळ्यात एखादं जास्तीचं काम पडतंच. माझ्या गळ्यात मॅडमचा प्लेसमेंट विभाग पडला. तो पडला याचं मला आजही बरं वाटतं.

मॅडम मूळच्या बागलाणातल्या, सटाण्याजवळच्या एका गावच्या. एरवी बोलणं अगदी शहरी, स्वच्छ. पण आनंद आवरेनासा झाला की त्यांच्या तोंडून अहिराणी निसटायची. "भारी शे भो!" असा आवाज कॉरिडॉरमध्ये घुमला की शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं, कुणाची तरी नोकरी पक्की झाली. चालायच्या इतक्या भरभर की सोबतच्या माणसाला निम्मं संभाषण त्यांच्या पाठीशी करावं लागे. मुलांना त्या 'राजा' म्हणायच्या आणि मुलींना 'बाई'. चिडल्या की उलट. "बाई गं, तू कधी सुधारणार?" हे एखाद्या सहा फुटी पोराला ऐकावं लागायचं.

त्यांचा शेवटच्या वर्षाचा पहिला तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला. हॉल गच्च भरला होता. त्यांनी ना स्वतःची ओळख करून दिली, ना प्रोजेक्टर लावला.

"पगार किती पाहिजे? ओरडून सांगा. लाजू नका."

आधी खसखस पिकली. मग एक जण म्हणाला, "सहा लाख!" दुसरा म्हणाला, "दहा!" मॅडम प्रत्येक आकड्याला टाळी देत होत्या. मागून कुणीतरी "चोवीस!" म्हणून बोंबललं, तर त्यालाही टाळी. "मागायला भ्यायचं नाही. छान. आता मला एकानं सांगा, वर्षाला चार लाख म्हटल्यावर महिन्याला हातात किती येतात?"

एका मुलानं चार लाखांना बाराने भागून आकडा सांगितला. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला आणि मग एकेक गोष्ट त्यातून पुसायला घेतली. हा तुमच्या फंडात जाणारा भाग, हा कंपनीनं फंडात भरलेला पण तुमच्याच पॅकेजात धरलेला, हा वर्षाअखेरी मिळाला तर मिळणारा बोनस. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, "हातात आले?" आणि अख्खा हॉल ओरडायचा, "नाही!" खेळ रंगत गेला. फळ्यावर सत्तावीस हजारांच्या आसपास काहीतरी उरलं. मग पुण्यातल्या खोलीचं भाडं, डबा, पेट्रोल. त्यानंतर मात्र कुणी ओरडलं नाही. 'चोवीस'वाला तर बाकाखाली काही शोधत असल्यासारखा वाकला होता.

"तोंडं का पाडली रे?" मॅडम हसल्या. "आता गंमत ऐका. आजपर्यंत तुम्ही फी भरून शिकलात. आता कुणीतरी तुम्हाला पैसे देऊन शिकवणार आहे. इतकी भारी शाळा कुठं मिळेल? पहिली दोन-तीन वर्षं शिकून घ्या. मग वाढतं, आणि चांगलं वाढतं. पण ज्याला सुरुवात कुठून होते तेच माहीत नाही, तो पहिल्याच महिन्यात रडत घरी येतो. मला रडणारी पोरं नकोयत."

तेवढ्यात एका धीट मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या हातात किती?"

आमच्याकडे स्वतःचा पगार सांगणं म्हणजे घरातलं भांडण सांगण्यासारखं. मॅडमनी तो जागच्या जागी सांगितला, कापले जातात ते पैसे वजा करून. माझ्या कल्पनेपेक्षा तो बराच कमी होता. आता मलाही कुणी विचारेल या भीतीनं मी बाकावर आणखी खाली सरकलो.

त्यांनी सुरू केलेली आणखी एक गोष्ट म्हणजे 'पगारदारांचा रविवार'. वर्ष-दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली मुलं जानेवारीतल्या एका रविवारी कॉलेजात यायची आणि स्टेजवर बसून खरं काय ते सांगायची. काम काय, साहेब कसा, राहतो कुठं, खातो काय. आणि शेवटी मॅडमचा ठरलेला प्रश्न. आई-वडिलांनाही बोलावणं असे. निफाड, दिंडोरी, सिन्नर, कुठून कुठून माणसं यायची. हसणं इतकं चालायचं की बाहेरच्या रस्त्यावरचे लोक गेटातून डोकावायचे.

अशाच एका रविवारी निफाडकडचा रोहित स्टेजवर होता. पुण्यात नोकरीला लागून त्याला वर्ष होत आलं होतं. रूममध्ये पाच जण आणि गीझर एक, त्यामुळे आंघोळीच्या नंबरावरून होणारी भांडणं तो रंगवून सांगत होता. हॉल लोटपोट झाला होता.

"आणि राजा, हातात किती?"

रोहितनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्याची नजर तिसऱ्या रांगेत गेली होती. तिथं पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते. हे त्याचे वडील. धाकटा मुलगा आमच्याकडेच तिसऱ्या वर्षाला होता, त्याच्यासोबत ते आले होते. रोहितला याचा पत्ताच नव्हता.

"सांग ना," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

"तेवीस हजार," रोहित म्हणाला. आवाज इतका बारीक, की माइक नसता तर कुणाला ऐकू गेलं नसतं.

वडील उभे राहिले. हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या.

"महिन्याला?"

"हो अण्णा."

"आन मंग ते बारा लाख?"

"मी कधी बारा लाख म्हटलं नव्हतं अण्णा. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. मी फक्त... नाही म्हणालो नाही."

मला वाटलं, आता हे तरातरा निघून जाणार. पण ते तिथंच उभे राहिले, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "तरी मी म्हनतो, बारा लाखाचं पोरगं दर म्हयन्याला घरनं तांदूळ-डाळ कशापायी नेतंय!"

हॉल हसला. ते स्वतः मात्र हसत नव्हते. मॅडमकडे वळून म्हणाले, "बाई, उद्याच्याला पाथर्डी फाट्याला याच्या नावानं फ्लॅट बुक करनार व्हतो. बँकवाल्याशी बोलनं झालं. याचा पगार बारा लाख धरला व्हता आमी. उद्या सकाळी अकराला."

रोहित स्टेजवरून उडी मारून खाली आला होता, पण वडिलांपर्यंत जायचं धाडस त्याला होत नव्हतं. तो दोन खुर्च्यांच्या मधेच थांबला. मॅडम मात्र धावतच गेल्या आणि अण्णांचे दोन्ही हात धरले. "मग तुम्ही आज आलात हे केवढं चांगलं झालं! अहो, वाचलात तुम्ही! सगळं घर वाचलं!" त्यांचा चेहरा असा फुलला होता, की अण्णाही गोंधळून हसले. मग त्यांनी मुलाकडं पाहिलं. "इकडं ये. आरं, तेवीस तर तेवीस. मला सांगायला काय झालं व्हतं?" रोहित आला आणि सगळ्यांसमोर वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून रडला.

अण्णा परत निघाले तेव्हा मॅडमनी त्यांना विचारलं, "पण तुम्हाला बारा लाख हे सांगितलं कुणी?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? तुमच्याच कॉलेजच्या बोर्डावर वाचलं. केवढाल्या अक्षरात लिव्हलंय, बारा लाख. आन आमचं पोरगं इथूनच लागलं म्हनल्यावर..."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम संस्थेच्या सेक्रेटरींच्या केबिनमध्ये होत्या. मला बरोबर नेलं होतं. का, ते अजून कळलेलं नाही, कारण मी तिथं फक्त पाण्याचे दोन ग्लास प्यायलो.

"सर, तो बोर्ड काढा."

"आकडा खोटा आहे का मॅडम?"

"नाही. खरा आहे. पण तो एकाच मुलीचा आहे. सगळ्या पोरांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं, तर अगदी मधल्या पोराला काय मिळतं, तो आकडा लावा. तो साडेतीन लाखांचा आहे."

"साडेतीन लाखांचा बोर्ड बघून ॲडमिशन कोण घेईल?"

"बारा लाखांचा बोर्ड बघून आज एक माणूस घर विकत घेणार होता, सर."

सेक्रेटरी वाईट गृहस्थ नव्हते. आम्हा सगळ्यांचे पगार वेळेवर निघावेत म्हणून त्यांना वर्ग भरावे लागत. पेपरवेट फिरवत ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुण्याची ती मोठी कंपनी येतेय. त्यांनी वीस मुलं घेतली, तर तुमचा मधला आकडा बोर्डावर. नाही घेतली, तर पुढच्या वर्षीपासून हा विभाग मी दुसऱ्या कुणाकडे देतो. कबूल?"

"कबूल!" मॅडम म्हणाल्या आणि केबिनबाहेर येताच मला कोपरानं ढोसलं. "वीस! सर, लागा कामाला!"

तो महिना मी विसरणार नाही. मॅडमनी मुलांना अक्षरशः पळवलं. वर्गात, कँटीनमध्ये, जिन्यात, जिथं भेटेल तिथं त्या मुलाखत सुरू करायच्या. "सांग, तुला का घेऊ?" चहा घेणारा पोरगा तसाच कप धरून उत्तर द्यायचा. त्यातच मनीषा होती. सुरगाण्याकडच्या पाड्यावरची, घरातली पहिलीच शिकलेली, अभ्यासात वर्गात दुसरी आणि बोलण्यात सगळ्यात शेवटची. किती पगार हवा असं विचारलं की ती खाली बघून म्हणायची, "मिळेल ते घेईन."

मॅडमना हे 'चोवीस लाख'वाल्यापेक्षाही जास्त खटकायचं. मला म्हणाल्या, "तो ढगात आहे, ही खड्ड्यात. दोघांनाही जमिनीवर आणायचंय." मग मनीषाला घेऊन त्या बसच्या पार्किंगमध्ये गेल्या. स्वतः या टोकाला, मनीषा त्या टोकाला, आणि मधे इंजिन सुरू असलेल्या तीन बस.

"विचार! या कामाला बाकीच्यांना काय देता?"

मनीषाचे ओठ हलले.

"ऐकू येत नाही बाई!"

पुन्हा तेच. आणखी एकदा. शेवटी मनीषा जीव खाऊन ओरडली, "सर, याच कामाला बाकीच्यांना काय देता?" तिचा आवाज एवढा आहे हे तिलाही नवीन असावं. बसमधून एका ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "अहो, देऊन टाका की तिला!" त्या दिवशी मी मनीषाला पहिल्यांदा दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं.

कंपनी आली. दोन खोल्यांत मुलाखती चालल्या. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला मॅडम आधी शाबासकी देत आणि मग ठरलेला प्रश्न विचारत. दुपारपर्यंत सोळा जण निवडले गेले होते. मी बोटांवर मोजत होतो, मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू वेगळंच काही दिसायला लागलं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सर, काम एकच आहे. सॉफ्टवेअर तपासायचं. मुलांना साडेतीन सांगतायत. आत्ता दोन मुली आल्या, त्यांना तीन."

"चुकून असेल," मी म्हणालो.

"असेल ना. म्हणून तर विचारायला हवं."

"मॅडम, आज नको. वीस व्हायचेत. चार राहिलेत फक्त."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. त्यांना माझी काळजी समजत होती, पण तेवढ्यासाठी त्या थांबणार नव्हत्या. रांगेत मनीषा होती. तिच्याजवळ जाऊन त्या म्हणाल्या, "बाई, खरं काय ते सांगते. याच कामाला मुलांना साडेतीन सांगितलेत, मुलींना तीन. विचारलंस तर कदाचित ते चिडतील आणि तुला घेणारही नाहीत. नाही विचारलंस तरी मी तुला काही म्हणणार नाही. नोकरी तुझी आहे. ठरव."

मनीषानं मान डोलावली. नेमकी कशाला, ते कळलं नाही. ती आत गेली.

दार बंद झालं. एरवी दहा मिनिटांत मुलं बाहेर यायची, ही येईना. निवडलेली मुलं पेढे आणायला जायची ती तिथंच थांबली. त्या दोन मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. मॅडम कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. मग दार उघडलं आणि कंपनीचा तरुण अधिकारी बाहेर आला. चेहरा गंभीर.

"मॅडम, जरा आत येता?"

त्या आत गेल्या. आतून आधी त्याचा आवाज आला, मग मॅडमचा. दाराच्या काचेतून मला तो फोनवर बोलताना दिसला. कुणाशी तरी वाद घालत होता. मधूनच तो मनीषाकडे बघायचा आणि पुन्हा फोनमध्ये बोलायचा. वीस गेले, बोर्ड गेला, मॅडमचं टेबलही गेलं, असं मी मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात आतून ती आरोळी आली.

"भारी शे भो!"

दार धाडकन उघडलं. मॅडम पुढे, त्यांच्या हातात मनीषाचा हात. त्या तरुणानं पुण्याच्या साहेबांशी भांडून तिघींचेही साडेतीन करून घेतले होते. तो मागून आला आणि म्हणाला, "माझ्या यादीत तसंच लिहून आलं होतं. मीही कधी विचारलं नव्हतं." मुलांनी मनीषाला उचलायचाच प्रयत्न केला, तिनं पर्स फिरवून सगळ्यांना पिटाळलं. त्या दोन मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मॅडमनी पोरांबरोबर कॉरिडॉरमध्ये चक्क फुगडी घातली, स्पोर्ट शूज घालून, प्राचार्यांच्या दारासमोर.

संध्याकाळपर्यंत निवडलेल्यांचा आकडा अठरावर थांबला.

आम्ही सेक्रेटरींकडे गेलो. "वीस म्हणालो होतो," ते म्हणाले. मॅडमनी काही लपवलं नाही. मनीषाची सगळी हकीकत सांगितली, रंगवून, उभ्या राहून, दोन्ही बाजूंचे आवाज काढत. सेक्रेटरी ऐकत राहिले. त्यांची मुलगीही त्या वर्षी बंगलोरला नोकरीला लागली होती. शेवटी त्यांनी विचारलं, "ही मुलगी सुरगाण्याची? आणि तिनं विचारलं?"

विभाग मॅडमकडेच राहिला आणि जूनमध्ये नवा बोर्ड लागला. बारा लाख तसेच होते, मोठ्या अक्षरात. पण खाली एक ओळ होती: निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना साडेतीन लाख व त्याहून जास्त. अक्षरं बारीक होती. मॅडमनी मला मोपेडवर बसवून तो दाखवायला नेलं. रस्त्याच्या कडेला गाडी लावून मॅडम त्या ओळीकडे अशा बघत होत्या, जणू नाव त्यांचंच लिहिलंय. "लहान का होईना, वाचता येतंय ना?" मी म्हटलं, येतंय. त्या वर्षी ॲडमिशन कमी झाल्या नाहीत. वाढल्याही नाहीत.

नंतर दोन वर्षांनी मॅडमनी कॉलेज सोडलं. कुणी काढलं नाही, भांडणही झालं नाही. सिन्नरच्या कारखान्यांनी मिळून गावाकडच्या मुलींना यंत्रांवरचं काम शिकवणारं केंद्र उघडलं होतं, तिथं त्यांना बोलावलं. पन्नाशी उलटली होती. निरोपाच्या चहाला मी धीर करून त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "इथल्यापेक्षा थोडे कमी," त्या सरळ म्हणाल्या. "जास्त मागितले होते. एवढेच जमतील म्हणाले. घरी बसून विचार केला, भागतंय. आणि सर, तिथं काय काय यंत्रं आहेत माहितीये?" पुढचा अर्धा तास त्या यंत्रांबद्दलच बोलत होत्या.

मागच्या हिवाळ्यात आमच्या मुलांना एक कारखाना दाखवायला मी सिन्नरला गेलो होतो. काम लवकर आटोपलं म्हणून केंद्रात डोकावलो. एका मोठ्या शेडला काचेची भिंत होती. आत निळे कोट घातलेल्या पोरी यंत्रांपाशी उभ्या होत्या. त्यांच्यात मॅडमही होत्या, तसाच निळा कोट, चष्म्यावर आणखी एक गॉगल. त्या शिकवत नव्हत्या. अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी त्यांना काहीतरी समजावत होती आणि त्या शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवत होत्या. त्यांनी बटण दाबलं. यंत्र सुरू झालं, काचेपलीकडे लोखंडाचे चकचकीत कुरळे तुकडे उडाले आणि मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. यंत्र थांबलं. मुलीनं तयार झालेली कडी काढली, मापावर लावून पाहिली आणि मान हलवली. जमलं नव्हतं.

काचेवर टकटक करावी म्हणून मी हात वर केला होता. मॅडमनी ती कडी बाजूच्या डब्यात टाकली, बाही वर सारली आणि नवा गज उचलला. मी हात खाली घेतला. त्यांनी गज बसवला, दोनदा हलवून पाहिला, यंत्राचं दार सरकवलं आणि मुलीकडं वळून काहीतरी विचारलं. मुलगी हो म्हणाली. मॅडमनी हिरव्या बटणावर बोट ठेवलं.